स्टोअरचं रजिस्टर कुठे आहे? कालविस्थापितांच्या कथा लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सामाईक विश्वात लिहिणारे सर्व लेखक, आणि त्या विश्वाचा ताळमेळ सांभाळणारी संपादक मंडळी यांस,

स. न. वि. वि.

मी टर्नर आहे. सव्वीस वर्षं लेथसमोर उभा राहून काढली, आणि त्यातली निदान पंधरा तुमच्या कथा वाचत. दुपारच्या सुट्टीत, मशीन बंद पडलं की, रात्रपाळीला जॉब लांबलचक असला की. त्यामुळे हे पत्र कुणा समीक्षकाचं समजू नका, आणि शिव्या द्यायला तर मुळीच लिहीत नाहीये. पण एक गोष्ट बरेच दिवस खुपते आहे, ती सांगूनच टाकतो. तुमच्या विश्वात काहीच संपत नाही.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आजच्या काळातली माणसं, कधी एखादं जहाज, कधी अख्खं गाव, घरंदारं आणि अवजारांसकट शेकडो वर्षं मागे फेकली जातात. तिथून इतिहास वेगळी वाट धरतो. आणि ती वाट एकटा माणूस लिहीत नाही. पाचपन्नास जण मिळून एकाच विश्वात छोट्या छोट्या कथा लिहितात. एकाने बांधलेल्या पुलावरून दुसऱ्याची गाडी जाते. या प्रकारातलं सगळ्यांत गाजलेलं विश्व १६३१ च्या जर्मनीत, तीस वर्षांच्या युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत बेतलेलं आहे, म्हणून माझीही बहुतेक उदाहरणं तिथलीच.

तर, टीप. म्हणजे टंगस्टन कार्बाईडचा नखाएवढा तुकडा, जो टूलच्या टोकाला स्क्रूने बसवतात आणि जो खरं कापायचं काम करतो. एका कथेत गावातला लेथवाला मागच्या काळात येऊन चार वर्षं झाली तरी त्याच टिपांवर आरामात तोफांच्या नळ्या कापतो आहे. मी डबा बाजूला ठेवून हिशेब केला. चौकोनी टिपेला वर चार, खाली चार, अशा आठ धारा. एक गेली की फिरवून दुसरी. कॅटलॉगमध्ये कापायचे जे वेग छापलेले असतात ते साधारण एका धारेचं आयुष्य पंधरा मिनिटं धरून. म्हणजे एक टीप दोन तास, आणि दहा टिपांची डबी वीस तास. पाळीत जॉब चढवणं, उतरवणं, मापं घेणं वजा केलं तरी डबी आठवडाभर पुरली तर पुरली. चार वर्षं? गावात अशा किती डब्या होत्या, हे कुठल्याच कथेत नाही. शेवटची डबी कुणी आणि कधी फोडली, तेही नाही.

तुम्ही म्हणाल, बाबा रे, वाचकाला गोष्ट हवी असते, स्टोअरचं रजिस्टर नको. मला हेच पटत नाही. गोष्ट त्या रजिस्टरातच आहे.

फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने १९०७ मध्ये कापकामावरचा आपला मोठा अभ्यास छापला. त्यातली गोम अशी, की वेग थोडा कमी केला तर धार थोडी नव्हे, कितीतरी जास्त टिकते. त्याच्या सूत्रात घातांक ०.२५ धरला तर वेग निम्मा केल्यावर धारेचं आयुष्य सोळापट होतं. कागदावर. प्रत्यक्षात फार सावकाश गेलात की धातूच धारेला चिकटून बसतो आणि जाताना धार घेऊन जातो. ओतकामात वाळूचा कण राहिला असेल तर टचकन टवका उडतो, मग सूत्र गेलं खड्ड्यात. आता समोर आणा दोन माणसं. एक म्हणतो, शत्रू महिन्याभरात येतोय, मला बारा तोफा पाहिजेत. दुसरा, केस पांढरे झालेला, म्हणतो की मी निम्म्या वेगाने चालवणार, सात होतील, पण पुढच्या वर्षीही तोफा होतील. दोघेही खरे आहेत. कोण जिंकतं हे मला वाचायचं आहे. तुम्ही टिपा अमर करून टाकल्यात आणि ते भांडण जन्मालाच आलं नाही.

आणि टिपा संपल्यावर पुढे काय, तो भाग तर याहून सुरस. टिपेत मुख्य दोन धातू: टंगस्टन, आणि त्याची भुकटी धरून ठेवणारा कोबाल्ट. ते गाव जिथे येऊन पडतं त्या थुरिंगियापासून फार लांब नाही, सॅक्सनीच्या सरहद्दीवर, एर्झगेबिर्गेचे खनिजांचे डोंगर आहेत. तिथले कथील गाळणारे एका काळ्या जड दगडावर पिढ्यान् पिढ्या वैतागलेले. तो भट्टीत आला की कथील कमी निघायचं. लांडगा मेंढरं खातो तसा हा आमचं कथील खातो, म्हणून त्याला नाव पडलं लांडग्याचं. ‘वोल्फ्राम’ हे टंगस्टनचं दुसरं नाव तिथलंच. धातू म्हणून तो वेगळा काढला गेला थेट १७८३ मध्ये. कोबाल्टचं तसंच. भाजताना त्या खनिजातून आर्सेनिकचा विषारी धूर निघायचा, म्हणून खाणकामगारांनी त्याला खाणीतल्या खोडकर भुताचं नाव दिलं, कोबोल्ड. त्यापासून निळी काच मात्र ते १६३१ च्या कितीतरी आधीपासून करत होते. म्हणजे माझ्या टूलच्या टोकावर सव्वीस वर्षं एका खाणीतला लांडगा आणि त्याच डोंगरातलं भूत शेजारी शेजारी बसलेले होते आणि मला पत्ता नव्हता.

बघा, आता कुणाकडे काय आहे. गावातल्या लेथवाल्याला माहीत आहे की त्या दगडाचं मोल काय. पण दगड कुठे सापडतो, कुठल्या पडक्या बोगद्याच्या तोंडाशी त्याचे ढीग टाकून दिलेत, हे फक्त त्या कथील गाळणाऱ्या म्हाताऱ्याला माहीत आहे. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नाही. म्हाताऱ्याला वाटतं, हा परका माणूस खुळा आहे, कचरा विकत मागतोय. आणि भाव वाढवायचा की हसून फुकट द्यायचं, हे तो ठरवणार. पंचवीस पानांची कथा आहे ही, एकही गोळी न सुटता.

पण म्हणून लगेच पुढच्या अंकात कार्बाईडचा कारखाना उभा करू नका. भुकटी करणं, हायड्रोजन, चौदाशे अंशांच्या आसपासची भट्टी, हे सगळं जमून कार्बाईडची हत्यारं बाजारात आली ती १९२० च्या दशकात, तीही जर्मनीतच. मधल्या पायऱ्या आहेत, त्या घ्या. हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायला सुरुवात केली १७४० च्या दशकात. मशेटने १८६८ मध्ये पोलादात टंगस्टन घालून पाण्यात न विझवताही कडक होणारं टूल केलं. टेलर आणि व्हाइटचं हायस्पीड स्टील, म्हणजे तापलं तरी धार न सोडणारं पोलाद, एकोणिसावं शतक संपता संपता. तुमचं गाव या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं आहे आणि पायरी खालून मोडतेय. आधी खाली उतरायचं: कार्बाईडवरून हायस्पीडवर, हायस्पीडवरून साध्या पोलादावर, जिथे धारेचा रंग बघून पाणी द्यायला गावच्या लोहाराची नजर लागते. आणि त्या नजरेत १६३१ चा लोहार माझ्यापेक्षा शंभरपट सरस असणार. मी ते काम पुस्तकात वाचलंय. त्याच्या हाताखालून ते रोज जातं.

वाफेच्या इंजिनाबद्दल थोडं बोलतो, कारण प्रत्येक नव्या लेखकाला ते दोन परिच्छेदांत उभं करायची घाई असते. वॉटचं पेटंट १७६९ चं. पहिली धड चालणारी, विकलेली इंजिनं १७७६ ची. मधली सात वर्षं कल्पना तयार होती, अडलं होतं सिलिंडरपाशी. आतून गोल आणि सरळ सिलिंडर कुणाला करताच येत नव्हता. पिस्टनच्या बाजूने वाफ निसटायची, वॉट कापड, चामडं, काय काय कोंबून बघायचा. विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने तोफा पोखरायचं आपलं यंत्र त्या कामाला लावलं तेव्हा कोंडी फुटली. १७७६ मध्ये वॉटचा भागीदार बोल्टनने कौतुकाने लिहून ठेवलंय की ५० इंची सिलिंडरला जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक कुठे नाही. शिलिंगची जाडी म्हणजे मिलिमीटरच्या आगेमागे! एवढी चूक मी केली तर जॉब भंगारात आणि मी साहेबाच्या केबिनमध्ये. पण त्या वेळी हा जगातला सर्वोत्तम सिलिंडर होता आणि त्यावर औद्योगिक क्रांती चालली. म्हणजे गाव मागे आल्यावर पहिला प्रश्न इंजिनाचा नकाशा कुणाला येतो हा नाहीच. मापाची वस्तू कुणाकडे आहे, आणि ती पडून वाकडी झाली तर दुसरी कशावरून करणार, हा आहे.

यावरून आठवलं. शिकाऊ असताना आमच्या उस्तादांनी आम्हा दोघांना बिडाच्या दोन प्लेटा दिल्या. सपाट करा म्हणाले. एकीवर तेलात कालवलेला शेंदूर चोळायचा, दुसरी तिच्यावर घासायची. जिथे शेंदूर लागला तिथे उंचवटा, तो स्क्रेपरने तासायचा. पुन्हा घासायचं, पुन्हा तासायचं. आठ दिवस हेच. मनगटं सुजली, बोटांच्या पेरांत शेंदूर इतका मुरला की जेवतानाही हात लाल. नवव्या दिवशी दोन्ही प्लेटा एकमेकींवर अशा बसल्या की वरची उचलताना खालची चिकटून वर यायची. छाती फुगवून उस्तादांकडे गेलो. ते काही बोलले नाहीत. कपाटातून तिसरी प्लेट काढली आणि आमच्या एका प्लेटेवर ठेवली. ती डुगडुगली. दुसरीवर ठेवली, तर कडेला टेकली आणि मध्ये फट. आमची एक प्लेट मधोमध फुगीर होती, दुसरी तेवढीच खोलगट. एकमेकींत चपखल, आणि दोन्ही वाकड्या.

दोन प्लेटा एकमेकींची चूक झाकतात. तीन घ्या, आलटून पालटून जोड्या लावा, आणि तिन्ही एकमेकींवर बसल्या तर त्या सपाटच असतात. दुसरा मार्गच उरत नाही. व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४० मध्ये ही रीत जगापुढे मांडली. यात कुठलंही मूळ माप लागत नाही, वीज लागत नाही, आजची एकही वस्तू लागत नाही. बीड, स्क्रेपर, शेंदूर आणि मनगट. शेंदूर म्हणजे शिशाचाच एक प्रकार, तो १६३१ मध्ये पोतंभर मिळतो. (निळा मार्किंग रंग लिहू नका. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. हा तपशील मी दोनदा चुकलेला पाहिला.) मागच्या काळात हरवलेल्या माणसांनी शून्यातून खरेपणा कसा मिळवला याची याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही, आणि ती अजून कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

औषधांकडे येतो. हा माझा प्रांत नाही, म्हणून थोडक्यात. पेनिसिलिनची बुरशी पावावर सापडली आणि महिन्यात गावाला बरं वाटलं, ही कथा मी इतक्या वेळा वाचली की आता पाव दिसला की पान उलटतो. फ्लेमिंगला बुरशी दिसली १९२८ मध्ये. माणसाला टोचण्याजोगं औषध हातात यायला १९४१ उजाडलं. त्या वर्षी फेब्रुवारीत ऑक्सफर्डमधल्या एका पोलिसाला ते दिलं, चेहरा आणि डोकं पुवाने भरलेला माणूस. एका दिवसात ताप उतरायला लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून परत काढून पुन्हा त्यालाच टोचत होते. पाच दिवसांत साठा संपला. दुखणं उलटलं आणि मार्चमध्ये तो गेला. पेनिसिलिन चालतं हे सिद्ध झालेलं, रोगी बरा होत असलेला, आणि बाटली रिकामी. तुमच्या गावच्या डॉक्टरवर हा प्रसंग दर आठवड्याला येणार. तो प्रसंग डॉक्टरच्या कपाटासमोर उभा करा.

उलट बाजूचंही उदाहरण देतो, नाहीतर वाटेल मला सगळं रडकंच हवंय. दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये एव्हा सॅक्सल नावाची मधुमेही निर्वासित बाई अडकली. इन्सुलिन मिळेनासं झालं. तिने आणि तिच्या नवऱ्याने वैद्यकाच्या एका पुस्तकावरून पाणम्हशींच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढायचा प्रयत्न केला, सशांवर तपासलं, आणि मग तिने ते स्वतःला टोचून घेतलं. ती वाचली, आणि त्या वस्तीतले इतर मधुमेहीही. एक पुस्तक, खाटकाकडून आणलेली पिंडं आणि संपत आलेली बाटली. कालप्रवासही लागला नाही.

आता माझी स्वतःची फजिती, म्हणजे मी फक्त बोटं मोडायला बसलोय असं होणार नाही. तीन वर्षांपूर्वी मीही एक कथा लिहून पाठवली होती. गावातली गणिताची शिक्षिका १६३२ च्या विद्यापीठात जाते आणि लॉगरिदम शिकवते. सगळे प्राध्यापक तोंडात बोटं घालतात. मला भारी वाटली होती. ती परत आली, समासात एका ओळीचा शेरा घेऊन: ‘नेपियर, १६१४.’ लॉगरिदमची पुस्तकं तेव्हा अठरा वर्षं बाजारात होती. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६२७ मध्ये छापलेल्या ग्रहांच्या कोष्टकांत ते वापरलेले होते. इंग्लंडमध्ये ऑट्रेडने लॉगच्या मोजपट्ट्या सरकवून गुणाकार करायची युक्ती काढली होती. माझ्या शिक्षिकेला त्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं असतं.

शेरा वाचून आठवडाभर चिडलो होतो. मग चिडता चिडता वाचत गेलो, आणि ट्यूबिंगेनमधला विल्हेल्म शिकार्ड सापडला. हिब्रूचा आणि खगोलाचा प्राध्यापक. त्याने १६२३ मध्ये केप्लरला पत्र लिहून कळवलं की मी आकडे आपोआप मिळवणारं, वजा करणारं यंत्र केलंय. केप्लरसाठी दुसरं करायला घेतलं, ते अर्धवट असताना १६२४ मध्ये आगीत जळालं. आणि तो स्वतः १६३५ मध्ये प्लेगने गेला, घरातल्या बाकीच्यांपाठोपाठ.

आता माझी कथा पुन्हा मांडून बघा. शिक्षिकेकडे खिशातला कॅल्क्युलेटर आहे. त्याची बॅटरी उतरत चालली आहे, आकडे पुसट झालेत. ती ट्यूबिंगेनला जाते ते शिकवायला नव्हे, दुरुस्तीवाला शोधत. आणि तिला भेटतो जगातला एकमेव माणूस, ज्याने हे यंत्र करून पाहिलंय, ज्याचं जळालंय, आणि ज्याला ते पुन्हा करायला कुणी पैसे देत नाही. तिला त्याच्या मरणाचं साल ठाऊक आहे. ते ती सांगते का? माझ्या पहिल्या खर्ड्यात संपणारी वस्तू नव्हती, म्हणून त्यात शिकार्डला जागाच नव्हती. वस्तू संपू द्या, की तिथली माणसं आपोआप आत येतात. भरलेल्या कपाटासमोर ती फक्त टाळ्या वाजवायला उभी राहतात, आणि तशा टाळ्या तुमच्या कथांत फार वाजतात.

आता सामाईकपणाबद्दल, कारण एकट्याच्या कादंबरीत हे सगळं लेखकाच्या डोक्यात राहू शकतं. तुमच्याकडे डोकी पन्नास. एकाच्या कथेत ऑक्टोबरात गावातला शेवटचा चांगला टायर फुटतो, मोठा हृद्य प्रसंग असतो. दुसऱ्याच्या कथेत त्याच नोव्हेंबरात तीन ट्रक दिमाखात निघतात. रबर तर असं, की वापरलं नाही तरी कडक होतं, तडकतं. पट्टे, ऑइल सील, ओ-रिंगा, सगळ्यांना वय असतं. गुडइयरने गंधक घालून रबर पक्कं करायची रीत काढली ती १८३९ च्या सुमारास, आणि झाडं महासागरापलीकडे. मला माहीत आहे, तुमच्याकडे कोण जिवंत, कोण मेलं, कोण कुणाचा नवरा, याची वही असते. माणसांची असते तशी वस्तूंचीही ठेवा एवढंच म्हणणं आहे. ज्याच्या कथेत डबी फुटली त्याने नोंद करायची: तारीख, किती होत्या, किती उरल्या. पुढच्याला तेवढ्यातच भागवायचं. तक्रारी होतील. होऊ देत, आमच्या स्टोअरमध्येही रोज होतात.

तारीख म्हटल्यावर आणखी एक खोच. त्या जर्मनीत दोन पंचांगं चालतात. कॅथलिक मुलुखात १५८२ पासूनचं ग्रेगोरियन, प्रोटेस्टंट मुलुखात जुनं ज्युलियन, दहा दिवसांचा फरक. कॅथलिक शहरातून सतराला निघालेलं पत्र शेजारच्या प्रोटेस्टंट शहरात नऊला पोचू शकतं. तुमच्या वहीत कुठलं पंचांग धरायचं ते एकदा ठरवून टाका. आणि गोष्ट म्हणून बघायचं तर: स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ ल्युट्झेनच्या धुक्यात मारला गेला, १६३२ च्या १६ नोव्हेंबरला. हे झालं विश्वकोशातलं, नव्या पंचांगाचं. स्वीडिश लोक त्याच दिवसाला ६ नोव्हेंबर म्हणत. समजा गावातून कुणी निरोप धाडला, महाराज, सोळा तारखेला सांभाळा. महाराज आपल्या पंचांगात सोळा तारीख बघणार. शहाण्यांचं सगळं ज्ञान बरोबर, आणि दहा दिवस उशिरा.

संपादकांकडे एवढंच मागणं: वस्तूंची वही सुरू करा, आणि ती लेखकांना उघडी ठेवा. सुरुवात कुठून, असं विचाराल तर गावातल्या मशीन शॉपपासून. तिथली यादी मी करून देतो, पैसे नकोत. ड्रिल, टॅप, डाय, कानशी, बेअरिंगा, कुलंटचे ड्रम, मायक्रोमीटर आणि त्यांचे मास्टर गेज, सगळं. साधारण वीस माणसांच्या शॉपमध्ये काय आणि किती असतं ते मला झोपेतही सांगता येतं.

शिकार्डची कथा मी पुन्हा लिहितो आहे. तीत ट्यूबिंगेनला पाठवायच्या पितळी चाकांचा जॉब गावातल्या टर्नरकडे येतो, म्हणून विचारतो. एप्रिल १६३३, जुनं पंचांग. त्याच्या कपाटात मी अकरा टिपा धरल्या आहेत, त्यातल्या तीन एका बाजूने वापरलेल्या. तुमच्यापैकी कुणी त्याआधी त्या कपाटाला हात लावला असेल तर कळवा, तेवढ्या वजा करतो.

आपला,
एक टर्नर आणि वाचक